व्हिएन्नाच्या पंचतारांकित हॉटेलात राहायला जाताना

युरोपची सहल म्हटली की आपल्यातल्या बहुतेकांचा मुक्काम पडतो तो शहराबाहेर, हायवेलगतच्या हॉटेलात. रात्री नऊला खोलीत शिरायचं आणि सकाळी सातला बॅगा बसमध्ये. ग्रुप टूरचं गणितच तसं असतं, त्यात गैर काही नाही. पण निवृत्ती, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, परदेशात स्थिरावलेल्या लेकीनं आई-बाबांसाठी केलेलं बुकिंग अशा निमित्तांनी आता पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची माणसं शहराच्या ऐन मध्यातल्या नामांकित हॉटेलांतही तीन-चार रात्री राहू लागली आहेत. एका रात्रीचे 400-500 युरो, हंगामात त्याहूनही जास्त. एवढे पैसे मोजून आल्यावर त्यांच्याकडून ऐकायला काय मिळतं? "हॉटेल सुंदर होतं हो, पण खोली लहान, चहाला किटली नाही आणि कुणी साधं विचारायलाही आलं नाही."

यातलं शेवटचं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडच्या मोठ्या हॉटेलात सेवा पाहुण्याच्या मागे मागे फिरते. पाणी हवंय का, चहा आणू का, बॅग उचलू का, सगळं न मागता. युरोपातल्या चांगल्या हॉटेलात पाहुण्याला त्याचा एकांत देणं हाच आदर समजतात. तुम्ही बोलला नाहीत तर तुम्हाला काही नको आहे, असं ते धरून चालतात. मागितलंत तर मात्र बहुतेक गोष्टी हसतमुखानं हजर होतात. आपण मराठी माणसं मुळात भिडस्त. "कशाला उगाच त्रास द्यायचा" म्हणत गप्प बसतो, आणि ज्या सेवेचे पैसे भरले ती न वापरताच परत येतो. म्हणून या लेखातला सगळा सल्ला एकाच गोष्टीभोवती आहे: विचारा, आधीच विचारा आणि स्पष्ट विचारा.

उदाहरणाला व्हिएन्ना घेऊ. जुन्या धाटणीच्या भव्य हॉटेलांसाठी युरोपात जी मोजकी शहरं ओळखली जातात त्यांत व्हिएन्ना आहेच, शिवाय ते शांत, सुरक्षित आणि चालत फिरता येण्याजोगं आहे. इथे सांगितलेलं बरंचसं म्युनिक, प्राग, बुडापेस्ट, झुरिक इथेही कमीअधिक लागू पडतं.

खोली निवडताना

1857 मध्ये सम्राट फ्रान्झ योसेफनं व्हिएन्नाचा जुना तट पाडायचा हुकूम काढला. तटाच्या जागी जो रुंद रस्ता झाला तो रिंगस्ट्रासे. 1865 मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि दोन्ही बाजूंनी राजवाडे, ऑपेरा, संग्रहालयं उभी राहिली. 1873 मध्ये शहरात जागतिक प्रदर्शन भरलं तेव्हा बड्या पाहुण्यांची सोय करायला हॉटेलं हवी होती. आजचं हॉटेल इम्पीरियल म्हणजे व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकनं 1863 च्या सुमारास बांधलेला वाडा. प्रदर्शनाच्या वर्षी त्याचं हॉटेल झालं. ऑपेराच्या मागचं झाखर 1876 चं, ऑपेराशेजारचं ब्रिस्टल 1892 चं.

हा इतिहास खोली निवडताना उपयोगी पडतो. वाड्याचं हॉटेल केलं की सगळ्या खोल्या एका साच्याच्या होत नाहीत. एकाच दराच्या दोन खोल्यांत एकीचं छत पंधरा फूट उंच आणि दुसरीचं तिरपं, असं होऊ शकतं. आपण सवयीनं "वरचा मजला द्या" म्हणतो. नव्या टॉवर हॉटेलात ते बरोबर आहे. पण लिफ्ट येण्याआधी बांधलेल्या इमारतींत मालकांचा मजला म्हणजे पहिला किंवा दुसरा. उंच छत, मोठ्या खिडक्या, नक्षीकाम सगळं तिथं. वरच्या मजल्यांवर नोकरमाणसं राहायची, आणि नूतनीकरण कितीही झालं तरी भिंती आणि छतं तिथंच असतात. म्हणून अशा हॉटेलात खालच्या मजल्यावरची खोली मिळत असेल तर ती सोडू नका.

खोलीच्या प्रकाराच्या नावावर जाऊ नका. क्लासिक, सुपीरियर, डिलक्स या शब्दांना प्रत्येक हॉटेलात वेगळा अर्थ. चौरस मीटर बघा. 25 चौरस मीटर म्हणजे साधारण 270 चौरस फूट. दोघांना दोन मोठ्या बॅगांसह ते ठीक आहे. 20 च्या खाली गेलात तर एक बॅग उघडली की दुसऱ्याला जागा राहत नाही. प्रशस्त खोली आणि नवं बाथरूम हीच ज्यांची पहिली गरज आहे त्यांनी जुन्या नावाचा मोह सोडून अलीकडे झालेलं हॉटेल बघावं. आम होफ चौकातलं पार्क हयात 2014 मध्ये एका जुन्या बँकेच्या इमारतीत सुरू झालं. तिथला पोहण्याचा तलाव बँकेच्या पूर्वीच्या तिजोरीघरात आहे.

खिडकी कुठे उघडते हेही विचारा. रिंगकडची खोली म्हणजे समोर झाडं, दिवे आणि ट्राम. ट्राम सकाळी लवकर सुरू होतात आणि रात्री उशिरापर्यंत चालतात. खिडक्या दुहेरी असतात, पण उन्हाळ्यात त्या उघडायची वेळ आली की आवाज आत येतो. आतल्या चौकाकडच्या खोलीला दृश्य नसतं, पण झोप शांत लागते आणि दरही बऱ्याचदा कमी असतो. दिवसभर बाहेरच फिरणार असाल तर आतली खोली घ्या आणि वाचलेल्या पैशांत ऑपेराचं चांगलं तिकीट काढा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तारखांचा विचार करताना दोन गोष्टी लक्षात असू द्या. नाताळचे बाजार नोव्हेंबरच्या मध्यापासून भरतात आणि तेव्हापासून नव्या वर्षापर्यंत दर चढे असतात. लेंटच्या उपवासकाळाआधीच्या गुरुवारी ऑपेरा बॉल असतो, त्या आठवड्यात ऑपेराच्या आसपास खोली मिळणंच अवघड. आपली दिवाळीची सुट्टी बऱ्याचदा या बाजारांच्या आधी संपते, त्यामुळे ती व्हिएन्नासाठी सोयीची. मात्र ऑपेरासाठीच जाणार असाल तर जुलै-ऑगस्ट टाळा, त्या काळात स्टेट ऑपेराचा हंगाम बंद असतो.

शेंगेन व्हिसासाठी राहण्याचं बुकिंग आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. व्हिसा हातात येईपर्यंत विनाशुल्क रद्द करता येईल असंच बुकिंग करा. परतावा न मिळणारा दर थोडा स्वस्त दिसतो, पण व्हिसा लांबला तर सगळे पैसे बुडतात.

एक मेल, आठवडाभर आधी

आता या लेखातली सर्वांत उपयोगी गोष्ट सांगतो. बुकिंग कुठूनही केलेलं असो, पोहोचण्याच्या आठ दिवस आधी हॉटेलला थेट एक मेल करा. सोप्या इंग्रजीत, मुद्द्याचं. त्याचा मजकूर साधारण असा असावा:

"आम्ही पती-पत्नी, वय 68 आणि 64. आमचं विमान 12 तारखेला सकाळी 8 वाजता उतरेल. गुडघ्याच्या त्रासामुळे टबमध्ये चढणं जमत नाही, म्हणून सरळ चालत आत जाता येईल असा शॉवर असलेली खोली हवी. शक्यतो आतल्या चौकाकडची, लिफ्टजवळची. आम्ही मांस, मासे, अंडी खात नाही. खोलीत पाणी उकळायची किटली ठेवावी. 13 तारखेच्या ऑपेराची दोन तिकिटं मिळू शकतील का, आणि कितीला, ते कळवावं."

बस, एवढंच. या एका मेलनं चार कामं होतात. जुन्या इमारतीत पायऱ्या चढून टबमध्ये उतरायची वेळ ज्येष्ठांवर येत नाही. स्वयंपाकघराला आगाऊ सूचना जाते. किटली आल्यावर शोधावी लागत नाही. आणि तुम्ही पोहोचता तेव्हा समोरच्या माणसाला तुमचं नाव आणि गरज दोन्ही ठाऊक असतं. उत्तर दोन दिवसांत आलं नाही तर फोन करा. उत्तरच न देणारं हॉटेल असेल तर रद्द करायची मुदत संपण्याआधीच विचार बदला.

तिघंचौघं जाणार असाल तर मेलमध्ये माणसांची संख्या आणि मुलांची वयं खरी लिहा. "छोटा आहे, आमच्यातच झोपेल" हे इथे चालत नाही. खोलीत किती माणसं राहू शकतात यावर अग्निसुरक्षेचे नियम असतात. आजी-आजोबा सोबत असतील तर मधलं दार उघडणाऱ्या जोडखोल्या मागा, आणि तशा नक्की देऊ असं लेखी घ्या.

पहिले दोन तास

मुंबईहून रात्री निघालेली विमानं युरोपात सकाळी उतरतात आणि हॉटेलची खोली मिळते दुपारी तीनला. रात्रभर अवघडून आलेल्या माणसाला हे सहा-सात तास फार जड जातात. तब्येत नाजूक असेल तर आदल्या रात्रीचंही बुकिंग करणं हा महाग पण खात्रीचा उपाय. नाहीतर बॅगा ठेवून घ्या म्हणून सांगा (त्याला कुठलंही मोठं हॉटेल नाही म्हणत नाही), स्पाच्या भागात अंघोळ करून कपडे बदलता येतील का ते विचारा आणि बाहेर पडा. खोली तयार झाली की मोबाईलवर कळवा, हेही सांगून ठेवा. न सांगता सोफ्यावर डुलक्या काढत बसलात तर खोली आधी मिळेलच असं नाही.

विमानतळाहून शहरात यायला टॅक्सी आहेच, पण बॅगा आटोपशीर असतील तर रेल्वे उत्तम. श्वेखाटच्या विमानतळावरून एस-7 लोकल सुमारे पंचवीस मिनिटांत वीन मिटे स्थानकात आणते, रेलजेट पाव तासाच्या आसपास मुख्य स्थानकात. हॉटेलनं पाठवलेल्या गाडीचं भाडं आधी विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

दारातून आत शिरताना नमस्कार करायला विसरू नका. व्हिएन्नात दुकानात, लिफ्टमध्ये, नाश्त्याच्या हॉलमध्ये शिरताना "ग्र्युस गॉट" म्हणायची पद्धत आहे. नमस्कार न करता थेट प्रश्न विचारणं तिथे उद्धट समजतात. या एका नमस्कारानं समोरच्याची वागणूक किती बदलते, ते तुम्हीच बघाल.

काउंटरवर पासपोर्ट मागतील आणि एक नोंदणीपत्रक भरून सही करायला सांगतील. शेंगेन देशांत परदेशी पाहुण्याची अशी नोंद ठेवणं हॉटेलला कायद्यानंच बंधनकारक आहे. पासपोर्ट बघून लगेच परत मिळतो, तो ठेवून घेत नाहीत.

मग मागतील कार्ड. इथे आपल्या लोकांची हमखास पंचाईत होते. खोलीचे पैसे आधी भरलेले असले तरी मिनीबार, जेवण वगैरेसाठी हॉटेल काही रक्कम कार्डावर अडवून ठेवतं. ती कापली जात नाही, पण वापरताही येत नाही, आणि हॉटेल सोडल्यावर मोकळी व्हायला कित्येकदा बरेच दिवस लागतात. फॉरेक्स कार्ड पुढे केलंत तर सहलीच्या खर्चाचे पैसेच अडकून पडतात. या कामासाठी क्रेडिट कार्ड द्या, फॉरेक्स कार्ड खर्चासाठी मोकळं ठेवा. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातले व्यवहार चालू करून ठेवा, कारण रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांनंतर नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात. कार्डाचा पिनही पाठ असू द्या. आणि मशीनवर "रुपयांत की युरोत" असा प्रश्न आला की डोळे झाकून युरो निवडा. रुपयांत भरणं सोयीचं वाटतं, पण तो विनिमयदर जवळजवळ नेहमीच तुमच्या तोट्याचा असतो.

दरांबद्दल एक गोष्ट. आपल्याकडे जीएसटी वेगळा लागतो. युरोपात दाखवलेल्या दरात मूल्यवर्धित कर धरलेला असतो. शहराचा पर्यटन कर मात्र बऱ्याचदा वेगळा घेतात. व्हिएन्नात आणि ॲमस्टरडॅममध्ये तो खोलीच्या दराच्या टक्केवारीत असतो (ॲमस्टरडॅममध्ये 2024 पासून 12.5 टक्के), रोममध्ये माणशी, दर रात्री. रोमच्या पंचतारांकित हॉटेलात तो माणशी 10 युरोपर्यंत जातो. बुकिंग करताना ही ओळ शोधून वाचा.

खोलीत गेल्यावर

पलंगावर एकच मोठी गादी आणि एकच दुलई असेल असं धरू नका. ऑस्ट्रिया-जर्मनीत दोन गाद्या शेजारी जोडलेल्या असतात आणि दोघांना दोन स्वतंत्र दुलया. चूक झाली म्हणून तक्रार करायला जाऊ नका, तिथली रीतच ती आहे. एका आठवड्यानंतर अनेकांना ती आवडूही लागते.

बाथरूमकडे मात्र नीट लक्ष द्या. आपल्या बाथरूममध्ये जमिनीला उतार आणि मोरी असते. तिथे शॉवरच्या जागेबाहेर पाणी जायला वाटच नसते. बाहेर सांडलेलं पाणी दाराखालून गालिच्यापर्यंत जातं, कधी खालच्या मजल्याच्या छतालाही लागतं आणि मग नुकसानीचं बिल येतं. काचेचं दार पूर्ण लावा, पडदा असेल तर त्याची खालची कड टबच्या आत सोडा. संडासात हॅंडशॉवर नसतो. इटलीत 1975 पासून घरोघरी बिडे बसवणं नियमानं आलं, पण ऑस्ट्रियात ती पद्धत नाही. सोबत प्लॅस्टिकची एक घडीची बाटली ठेवलीत की प्रश्न मिटतो. नळाचं पाणी बिनधास्त प्या. ते थेट आल्प्सच्या झऱ्यांमधून नळांद्वारे येतं. 1873 मध्ये ही पाण्याची वाहिनी सुरू झाली आणि इम्पीरियलजवळच्या श्वार्त्सेनबर्ग चौकातलं उंच कारंजं तिच्याच उद्घाटनाचं. मिनीबारमधल्या बाटलीवर पाच-सहा युरो उधळायची काही गरज नाही.

वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची. गोल दोन पिनांचा मोबाईल चार्जर जसाच्या तसा चालतो. तीन पिनांच्या वस्तूंना ॲडॅप्टर लागतो. किटलीत पाणी उकळून चहा किंवा तयार पोहे करणं ठीक, पण इंडक्शन शेगडी, फोडणी, उदबत्ती, निरांजन यांतलं काहीही खोलीत नको. धूर ओळखणारं यंत्र छतावर असतं, घंटा वाजली की अग्निशमन दल येतं आणि त्याचा खर्च पाहुण्याच्या माथी येऊ शकतो. देवापुढे फुलं वाहा, हात जोडा, दिवा घरी आल्यावर लावा.

कपाटातल्या सपाता तुमच्यासाठी, त्या घरी नेल्या तरी चालतात. टेरीचा झगा मात्र हॉटेलचा. हाच झगा घालून स्पात जातात, आणि तिथली एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. पोहण्याच्या तलावात पोहण्याचा पोशाख लागतो, पण ऑस्ट्रियात आणि जर्मनीत सॉना हा बहुधा स्त्री-पुरुष एकत्र आणि विनावस्त्र असतो. त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. आपल्याला अवघड वाटेल तर स्त्रियांसाठी राखीव वेळ आहे का, टॉवेल गुंडाळून बसलेलं चालेल का, हे स्पाच्या काउंटरवर विचारून घ्या. सासू-सुनेनं दार उघडून दचकून परत फिरण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

ताटात काय येणार

नाश्ता खोलीच्या दरात धरला आहे का ते पाहा. नसेल तर माणशी 40 युरो किंवा जास्तही पडू शकतात, आणि तेवढ्यात कोपऱ्यावरच्या कॅफेत दोघांचा नाश्ता होतो. पण एक सकाळ तरी हॉटेलच्या हॉलमध्ये बसाच. ताज्या भाजलेल्या झेमेल पावाची टोपली, लोणी, वाखाउ खोऱ्यातल्या जर्दाळूचा जॅम, चीजचे प्रकार, फळं, आणि मेलांज म्हणजे दुधाच्या फेसाची कॉफी, सोबत चांदीच्या तबकात पाण्याचा छोटा पेला. सावकाश खा. रिकामं ताट भरभर भरून दुपारसाठी पाव-केळी पिशवीत घालणं टाळा. हवंच असेल तर "प्रवासासाठी डबा करून द्याल का" असं आदल्या रात्री विचारा. पहाटे निघणाऱ्या पाहुण्यांना असा डबा पुष्कळ ठिकाणी देतात.

शाकाहाऱ्यांनी इथे डोळ्यांत तेल घालून राहायला हवं. व्हिएन्नाचं पारंपरिक जेवण मांसाचं, आणि मांस दिसत नाही तिथेही असतं. फ्रिटाटेनझुप्पे या सुपात दिसतात धिरड्याच्या पट्ट्या, पण पाणी असतं गोमांस उकळलेलं. व्हिएन्नाचं बटाट्याचं सॅलड पुष्कळदा त्याच पाण्यात भिजवतात. भाजीत श्पेक म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात. फक्त "व्हेज" म्हणून भागत नाही. "ओने फ्लाइश, ओने फिश, ओने आयर, काइने फ्लाइशझुप्पे", म्हणजे मांस नको, मासे नकोत, अंडी नकोत, मांसाचं पाणी नको, हे शब्द कागदावर लिहून खिशात ठेवा आणि वेटरला दाखवा.

मेनूकार्डावर पदार्थापुढे बारीक अक्षरं दिसतील: ए, सी, जी वगैरे. युरोपीय संघाच्या नियमानुसार 14 प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावीच लागते आणि ऑस्ट्रियात ती अशा अक्षरांनी देतात. ए म्हणजे ग्लुटेन, सी म्हणजे अंडं, जी म्हणजे दूध. अंडं टाळणाऱ्यांना सी हे अक्षर फार कामाचं. पण लक्षात घ्या, ही यादी ॲलर्जीची आहे, शाकाहाराची नाही. गोमांस किंवा डुकराचं मांस या 14 घटकांत येतच नाही, त्यामुळे अक्षर नाही म्हणून मांस नाही, असा अर्थ काढू नका. प्रसिद्ध झाखरटोर्टे हा चॉकलेटचा केक, ज्याचा उगम 1832 मध्ये फ्रान्झ झाखर या शिकाऊ आचाऱ्याकडे सांगतात, त्यातही अंडी भरपूर असतात.

घरून खाऊ नेणार असाल तर कोरडाच न्या: चिवडा, चकली, भाकरवडी, मेतकूट. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून सामानात दूध आणि दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे, म्हणजे तूप आणि पेढे नकोत. बहुतेक ताजी फळं-भाज्याही वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. लेकीसाठी हापूसची पेटी घेऊन जायचा बेत असेल तर तो सोडून द्या, कस्टममध्ये ती कचऱ्यात जाईल. रविवारी ऑस्ट्रियात बहुतेक दुकानं बंद असतात. दूध, दही, फळं शनिवारीच आणा, किंवा रविवारी वीन मिटे, प्राटरश्टेर्न अशा मोठ्या स्थानकांतलं सुपरमार्केट गाठा.

काउंटरमागची माणसं

रिसेप्शनच्या बाजूला वेगळ्या टेबलामागे बसलेला कॉन्सिएर्ज हा अशा हॉटेलातला सर्वांत मोलाचा माणूस, आणि आपले लोक त्याच्याकडे सर्वांत कमी जातात. त्याच्या कोटावर दोन सोनेरी किल्ल्यांची फुली दिसली तर तो ले क्ले दॉर या संघटनेचा सदस्य. तिची सुरुवात 1929 मध्ये पॅरिसात झाली आणि अनुभव तपासूनच तिथं प्रवेश मिळतो. संपलेली तिकिटं, औषधाचं दुकान, चष्म्याची काडी दुरुस्त करणारा, शाकाहारी जेवण देणारं रेस्टॉरंट, पावसाळी दुपारी नातवंडांना कुठं न्यावं, हे सगळं त्याच्याकडे न्यायचं. फक्त प्रश्न नेमका विचारा. "काय बघण्यासारखं आहे?" असं विचारलं तर तो नकाशा देईल. "आम्हाला तासभर चालता येतं, चित्रांत रस आहे, गर्दी नको, संध्याकाळी पाचपर्यंत परत यायचं आहे" असं सांगितलं तर तो तुमचा दिवस आखून देईल.

बक्षिशीचा संकोच नको आणि अतिरेकही नको. बॅगा आणून देणाऱ्याला बॅगेमागे एक-दोन युरो. खोली आवरणाऱ्या बाईंसाठी रोज दोन-तीन युरो उशीजवळ, रोज ठेवायचे, कारण शेवटच्या दिवशी दुसरीच बाई असू शकते. कॉन्सिएर्जनं अवघड तिकीट मिळवून दिलं तर 10-20 युरो पाकिटातून. रेस्टॉरंटमध्ये पाच ते दहा टक्के, पण पैसे टेबलावर सोडून उठायची रीत तिथे नाही. बिल 46 चं असेल तर 50 ची नोट देताना "फ्युनफ्त्सिश" म्हणजे पन्नास म्हणायचं, की वेटर समजून उरलेले ठेवून घेतो. सुटे युरो पहिल्याच दिवशी काउंटरवर मोडून घ्या.

काही बिघडलं, खोलीत सिगारेटचा वास आला, एसी चालेना, शेजारी आवाज असला, तर त्याच क्षणी खाली जाऊन सांगा. शांतपणे, नेमकं आणि काय हवं ते सांगून: "आम्हाला दुसरी खोली हवी." रिसेप्शनवर जमेना तर ड्यूटी मॅनेजरला भेटायचं म्हणा. तीन रात्री सोसून चौथ्या दिवशी केलेल्या तक्रारीवर कुणीही काही करू शकत नाही, आणि घरी परतून लिहिलेल्या संतापाच्या मेलवर तर अगदीच नाही. आपल्याकडे आवाज चढवला की काम होतं असा समज आहे. तिथे चढलेल्या आवाजानं समोरचा माणूस नियमावर बोट ठेवून बसतो.

रात्री-अपरात्री तब्येत बिघडली तर रिसेप्शनला फोन करा, किंवा थेट 112. हा नंबर साऱ्या युरोपीय संघात चालतो. ऑस्ट्रियात रुग्णवाहिकेचा वेगळा नंबर 144. हॉटेलनं बोलावलेल्या डॉक्टरची फी लागते, म्हणून शक्य असेल तर आधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर बोला आणि प्रत्येक पावती जपून ठेवा. रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी घटक-औषधाच्या नावासह सोबत असू द्या, आपल्याकडची ब्रँडची नावं तिथल्या औषधवाल्याला कळत नाहीत.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बिलाची प्रत मागून घ्या आणि खोलीत बसून ओळ न् ओळ वाचा. काही मिनीबारमध्ये वस्तू उचलली की आपोआप नोंद होते, तुम्ही बाटली बाजूला सारून आपलं दूध ठेवलं असेल तरी ती बिलात आलेली असू शकते. सकाळच्या रांगेत, टॅक्सी दाराशी उभी असताना, अशी चूक दुरुस्त करून घेणं कठीण. विमान रात्रीचं असेल तर खोली तासभर उशिरा सोडली तर चालेल का ते याच वेळी विचारा. हॉटेल फार भरलेलं नसेल तर हो म्हणतात.

आणि एक काम आवर्जून करा. मुक्कामात ज्या कुणी तुमचं मन राखलं, अंड्याशिवाय न्याहारी करून दिली, आईचा हात धरून पायऱ्या उतरवल्या, त्याचं नाव छातीवरच्या पट्टीवर असतं, ते टिपून घ्या. घरी पोहोचल्यावर जनरल मॅनेजरला त्या नावानिशी दोन ओळींचा मेल लिहा. तक्रारी करणारे पुष्कळ असतात, नाव घेऊन कौतुक करणारे थोडे. अशा मेलची दखल चांगल्या हॉटेलात घेतली जाते, आणि तुमच्यानंतर तिथे जाणाऱ्या पुढच्या मराठी कुटुंबालाही त्याचा फायदा होतो.